महिन्याच्या पिल्लांना रक्ताची हगवण, औषध लागू पडत नाही. पावसात काय करू?

लांज्याची सून · १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. कोंबड्या पाळणाऱ्या जाणत्या माणसांनी कृपा करून वाचावं. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासूनच्या गावरान कोंबड्या होत्या. गेल्या वर्षी मानमोडी आली आणि अकरापैकी तीनच राहिल्या. त्यातली चित्री यंदा मे महिन्याच्या शेवटी खुडूक बसली. तिच्याखाली दहा अंडी ठेवली, सात पिल्लं निघाली. तेवढ्याने खुराडं भरेना म्हणून १५ जूनला गाडीवाल्याकडून कावेरी जातीची एक दिवसाची २५ पिल्लं घेतली. दोन पहिल्याच रात्री गेली, २३ उरली. सातव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातून मानमोडीची लस डोळ्यात एकेक थेंब घालून आणली. चौदाव्या दिवशी गंबोरोची लसही झाली. म्हणजे त्या बाबतीत मी कसूर केलेली नाही.

विकतची पिल्लं पडवीत, पत्र्याच्या गोल आडोशात आहेत. खाली भाताचा तूस, वर १०० चा बल्ब. चित्री आपली सात घेऊन मागच्या बाजूला गोठ्यात असते. पाऊस उघडला की त्यांना घेऊन अंगणभर फिरते.

गेल्या शनिवारी आमच्याकडे आंब्याची फांदी तारेवर पडली. दोन दिवस वीज नव्हती. पिल्लं एकमेकांवर चढून बसायची, म्हणून आडोसा लहान केला आणि वरून गोणपाट टाकलं. वीज आली तेव्हा सगळी ठीक वाटत होती. मंगळवारी संध्याकाळी पाच-सहा पिल्लं पंख सोडून, मान आत ओढून, पिसं फुगवून बसलेली दिसली. दाण्याकडे बघेनात. बुधवारी सकाळी दोन मेलेली. त्या दिवशी मी तुसावर वर्तमानपत्र अंथरलं, कोण काय करतंय ते कळावं म्हणून. अर्ध्या तासात कागदावर जे पडलं ते बघून पोटात गोळाच आला. आगळासारखं लाल. नुसता लाल डाग नव्हे, आत गुठळीसारखं काहीतरी. आज शनिवार, एकूण पाच गेली. १८ राहिली आहेत, त्यातली सहा आजारी.

बाजारातल्या दुकानदाराला सांगितलं, त्याने एक पिवळी पावडर दिली, अँटिबायोटिक आहे म्हणाला. तीन दिवस पाण्यातून देतेय, काही फरक नाही. सासूबाई हळद आणि गूळपाणी देतात, ते पिल्लं पितात, पण रक्त थांबत नाही.

विचारायचं ते हे. ही मानमोडी आहे का? उद्या २८ वा दिवस, लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या त्याच लशीचा, दुसरा डोस द्यायचा आहे, तो देऊ की नको? आणि चित्रीची सात पिल्लं अजून अगदी टुणटुणीत आहेत. एकाच घरात असून त्यांना काही नाही, हे कसं? त्यांना वाचवायला काय करू? विकतची गेली तर पैसे गेले असं म्हणेन, पण ही सात गेली तर आमच्या घरातली ती जातच संपेल. कोणीतरी सांगा.

वाईचा शेतकरी · १२ जुलै, रात्री ११.१५

ताई, मानमोडीच असणार. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अशीच पटापट गेली होती. लस उद्याच्या उद्या देऊन टाका, थांबू नका.

निवृत्त पर्यवेक्षक, संगमनेर · १३ जुलै, पहाटे ५.५०

लांज्याच्या ताई, लस आज देऊ नका. वाईच्या दादांनी तळमळीने सांगितले आहे, पण आजारी पक्ष्याला लस टोचणे किंवा पाजणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या मानेवर आणखी एक जू ठेवणे. लस घेऊन शरीराने प्रतिकारशक्ती उभी करायची असते, त्यासाठी आधी अंगात ताकद हवी.

मी ३४ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम केले. तुम्ही कागद अंथरून बघितलेत हे फार चांगले केलेत. तुमचे वर्णन वाचून मला ही रक्ती हगवण वाटते, म्हणजे कॉक्सिडिओसिस. वय तीन ते सहा आठवडे, जमिनीवर दाटीत वाढवलेली पिल्ले, पावसाळा, आदल्या आठवड्यात थंडी आणि गर्दी, आणि विष्ठेत ताजे रक्त. सगळे तंतोतंत जुळते. मानमोडीत हिरवट पातळ हगवण होते, पक्षी चोच उघडून घरघर श्वास घेतो, दोन-चार दिवसांनी मान वळते, पाय लुळे पडतात. आणि ती मोठ्या कोंबड्यांनाही सोडत नाही. तुमच्या तिन्ही मोठ्या कोंबड्या बऱ्या आहेत ना? तुम्ही त्याबद्दल काही लिहिले नाही, म्हणून त्या बऱ्या आहेत असे धरतो.

तरी माझ्या अंदाजावर विसंबू नका. आज रविवार, उद्या सकाळी दोन-तीन पिल्लांची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत दिसते. रात्रीत एखादे मेले तर तेही दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात, त्यांना सीका म्हणतात. या आजारात त्या फुगून रक्ताने काळ्या-लाल झालेल्या असतात. पोट उघडून बघणे डॉक्टरांवर सोडा, घरी करू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून मी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचललेला नाही, आणि कोणाला उचलू देत नाही. एका दिवसात घरातले मोठे पक्षीही धडाधड पडू लागले, तर मात्र काही न हलवता तिथूनच दवाखान्याला फोन करा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे.

आता तुमची पिवळी पावडर का चालली नाही ते. रक्ती हगवणीचे कारण जिवाणू नाही. आयमेरिया नावाचा एकपेशी परजीवी आहे, तो आतड्याच्या अस्तराच्या पेशीत शिरून तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. रक्त येते ते त्या फाटलेल्या अस्तरातून. बहुतेक अँटिबायोटिकांचा त्याच्यावर काही इलाज नाही. पिवळी पावडर बंद करा. यावर अँप्रोलियम नावाचे औषध आहे. २० टक्क्यांची पावडर असेल तर २५ लिटर पाण्याला ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. पाकिटावरचे टक्के आधी वाचा, टक्के वेगळे असतील तर प्रमाणही वेगळे, आणि डॉक्टरांनाही तेच विचारून घ्या. तुमच्या एवढ्या पिल्लांना दिवसाला दोन लिटर पाणी पुरावे. दोन लिटरला २.४ ग्रॅम झाले. एवढे बारीक वजन किराण्याच्या काट्यावर होत नाही. सोनाराकडे जा, त्याच्या काट्यावर २.४ ग्रॅमच्या सात पुड्या बांधून आणा. रोज सकाळी एक पुडी ताज्या पाण्यात, उरलेले दुसऱ्या दिवशी ओतून टाका. असे पाच ते सात दिवस. मग पाव प्रमाणात आणखी एक आठवडा.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, त्या दिवसांत औषधाच्या पाण्याशिवाय एक थेंबही दुसरे पाणी मिळता कामा नये. कोकणात जुलैत हे अवघड आहे हे मला माहीत आहे. पागोळ्यांखाली डबके साचते आणि पिल्लू औषधाचे पाणी सोडून तिथे चोच घालते. चित्रीची पिल्लेही आठ दिवस आतच ठेवा आणि त्यांनाही तेच पाणी द्या. दुसरी, ब जीवनसत्त्वाचे टॉनिक या दिवसांत देऊ नका. अँप्रोलियम दिसायला ब-१ सारखे असते, परजीवी ते ब-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून खरे ब-१ ओतले तर औषधाचा जोर जातो. गूळपाणीही तेवढ्यापुरते थांबवा, गोड पाण्याच्या नादात औषधाचे पाणी मागे पडते.

जी सहा अगदी बसली आहेत ती स्वतः पिणार नाहीत. त्यांना वेगळ्या खोक्यात उबेला ठेवून दर दोन तासांनी ड्रॉपरने तेच पाणी चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, ते स्वतः गिळते की नाही ते बघत. घशात एकदम ओतलेत तर श्वासनळीत जाईल.

कुडाळची काकी · १३ जुलै, सकाळी ९.०५

दादांनी औषधाचं सगळं सांगितलं. मी जमिनीचं सांगते, कारण माझ्या मते आजार तिथेच आहे.

बाय, आत्ता उठ आणि त्या आडोशातला तूस मुठीत घेऊन आवळ. मूठ उघडलीस आणि त्याचा लाडू तसाच राहिला, तर तो ओला आहे. भुरभुर सांडला तर चांगला. पाण्याच्या भांड्याभोवतालचा तर नक्कीच लाडू होईल, माझा पैज लावून अंदाज. गोणपाट टाकून दोन दिवस बंद ठेवलंस, आत तेवीस पिल्लांचा श्वास, विष्ठा, सांडलेलं पाणी. थंडीपासून वाचवायला केलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही, पण आत सगळं घामाघूम झालं असणार. त्या परजीवीच्या बारीक गोळ्या विष्ठेतून पडतात. कोरड्यात पडल्या तर तशाच सुकतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात, आणि दाणा टिपताना पिल्लाच्या पोटात जातात. फिनेलने त्या मरत नाहीत, मी सगळं करून बघितलंय. त्यांना कोरड आणि ऊनच लागतं.

म्हणून औषध सुरू करायच्या दिवशीच सगळा तूस उचल, कडेकोपऱ्यासकट. खड्ड्यात पुरून टाक, परसात पसरू नको, नाहीतर चित्रीच्या पिल्लांना तू स्वतःच वाढून देशील. जमीन खरवडून कोरडी कर, वर विरलेल्या चुन्याची पातळ पूड भुरभुरव, आणि त्यावर चार बोटं नवा तूस. पिल्लं परत सोडायच्या आधी चुना बसू दे, वारा खेळू दे. तूस रोज सकाळी हाताने खालीवर करायचा. पाण्याचं भांडं जमिनीवर नको. दोन विटांवर ठेव आणि विटांखाली फळी. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आली की ते पाण्यात पाय घालत नाही आणि पाणी उडवतही नाही. माझ्याकडे हगवण या एका गोष्टीने निम्मी कमी झाली.

चौथ्या आठवड्यात १०० चा बल्ब सारखा लागत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पण मापायला काही नसलं तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असली तर थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकाडा, सगळीकडे पांगून टिपत असली तर बरोबर. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेव. निखाऱ्याची शेगडी बंद जागेत कधी ठेवू नको. आमच्या शेजारच्या वाडीत एका रात्रीत चाळीस पिल्लं धुराने गेली, एकही ओरडलं नाही.

चित्रीची बरी का, याचं उत्तर देते, कारण मला त्याचाच सगळ्यात आनंद झाला. ती त्यांना एका जागी राहू देत नाही. सकाळी गोठ्याकडे, दुपारी फणसाखाली, पाऊस आला की पंखाखाली. रोज थोड्या गोळ्या पोटात जातात, पण थोड्याच. तेवढ्यात शरीर त्यांना ओळखायला शिकतं. तुझ्या पडवीतल्यांना सगळी एकदम, एका ताटात मिळाली. आईजवळची पिल्लं आजारी पडत नाहीत असं नाही, पण असं एकगठ्ठा मरण तिथे मी क्वचित बघितलं. दादा आठ दिवस आत ठेवा म्हणाले ते ऐक, पण मागे गोठ्यातच, कोरड्या तुसावर. पडवीतल्या पिल्लांजवळ अजिबात नाही. आणि पडवीतून आलीस की हात धू, चपला बदल. त्या गोळ्या चपलेच्या तळव्याला चिकटून गोठ्यात जातील.

वाईचा शेतकरी · १३ जुलै, दुपारी १.२०

दादा, माझं चुकलं. आमच्याकडे हिरवी हगवण होती आणि मोठी गेली होती, रक्त नव्हतं. तेव्हा तपासलं नाही, सरळ अंदाज बांधला. ताई, लस देऊ नका.

एक विचारतो. लस मग द्यायची कधी? आणि गावरानाला एकूण किती लशी लागतात?

निवृत्त पर्यवेक्षक, संगमनेर · १३ जुलै, रात्री ८.३०

औषध संपून आठ-दहा दिवस सगळी पिल्ले नीट खात-पीत असली, विष्ठा घट्ट झाली, की लासोटाचा राहिलेला डोस द्या. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

साधारण क्रम असा चालतो. मॅरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी, ती उबवणी केंद्रातच द्यायची असते. गाडीवाले दिली म्हणतात, त्याचा कागद मागावा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्याला गंबोरो, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पडद्यात देवीची लस, आणि आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी. ही शेवटची लोक सोडून देतात आणि नेमकी हीच मोठ्या कोंबडीला मानमोडीपासून वाचवते. आजाराला रानीखेत म्हणतात ते कुमाऊँमधल्या रानीखेतवरून, आणि आर-टू-बीचे दुसरे नाव मुक्तेश्वर, तेही तिथल्याच डोंगरातले. ताई, गेल्या वर्षी तुमच्या आठ कोंबड्या गेल्या त्या या लशीअभावीच, असे मला वाटते.

लस मिळते, पण कुपी बहुधा १०० मात्रांची किंवा त्याहून मोठी असते. दहा कोंबड्यांसाठी कोण घेणार, म्हणून माणूस मागे हटतो. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या चालत नाही. आणि आणताना बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. खिशात घालून एसटीने आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवून एकत्र टोचून घ्यायचे. नोकरीत असताना मी हेच करत असे. आधी घरोघर फिरून कोंबड्या मोजायच्या, आकडे वहीत लिहायचे, आणि रात्री खुराड्यात बसल्या की कंदील घेऊन जायचे. दिवसा पकडायला गेलात तर अर्ध्या हाती लागत नाहीत.

लांज्याची सून · २३ जुलै, रात्री ९.१५

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. झालं ते सगळं सांगते.

सोमवारी विष्ठा घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काचपट्टी लावली आणि मलाही वाकून बघायला सांगितलं. लांबट गोल, आरपार दिसणाऱ्या, दुहेरी कडेच्या कितीतरी गोळ्या. रक्ती हगवणच. प्रमाण दादांनी सांगितलं तेच त्यांनीही लिहून दिलं. सोनाराने आधी नीट ऐकूनच घेतलं नाही, मग कळल्यावर सातही पुड्या काळजीने बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

काकी, तुसाचा लाडू झाला. नुसता लाडू नाही, पाण्याच्या भांड्याखाली हात घातला तर तो गरम लागला. मी रोज वरून नवा तूस टाकत होते, त्यामुळे वरून सगळं कोरडं दिसायचं. खालचा मी एकदाही हलवला नव्हता. सासूबाई, माझे दीर आणि मी, तिघांनी मिळून सगळा उचलून फणसापलीकडे खड्ड्यात पुरला. दिरांनी विटांवर फळी ठोकून दिली.

पहिल्या दोन दिवसांत आणखी तीन गेली. त्यातलं एक मी रात्रभर ड्रॉपरने पाजत होते. गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपली तर रिकामी, कागदासारखी चपटी. पहाटे हातातच गेलं. पण तिसऱ्या दिवशी खोक्यातल्या दुसऱ्या एकाने आपण होऊन चोच पाण्यात बुडवली आणि मान वर करून गिळलं, तेव्हा सासूबाईंना मी झोपेतून उठवून दाखवलं. पाचव्या दिवशी कागदावर लाल दिसलं नाही. आता पाव प्रमाण सुरू आहे.

१५ राहिली. चित्रीची सातच्या सात आहेत. आठ दिवस आत कोंडल्यावर ती माझ्यावर इतकी चिडलीय की पाणी ठेवायला गेलं की हातावर चोच मारते.

लासोटा आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, देवीचं डॉक्टरांना विचारून त्यानंतर, आणि आर-टू-बी महिनाअखेरीला. दादा, वही केली. काल संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा वाडीत फिरले. आमच्या २५, वरच्या घरी १४, मारुतीच्या देवळाशेजारी १९, खालच्या दोन घरांत मिळून २२. एकूण ८० झाल्या. कुपी १०० ची, म्हणजे अजून २० ची जागा आहे. नदीपलीकडच्या घरी सोळा-सतरा आहेत असं ऐकलंय, साकवावरचं पाणी उतरलं की तिकडे विचारून येते. थर्मास शाळेतल्या बाई देणार आहेत. पंखाखाली टोचायचं म्हणजे नेमकं कुठे, आणि पहिल्यांदाच टोचणाऱ्या माणसाने सुई कशी धरायची, हे मात्र त्याआधी कोणीतरी नीट सांगा.